‘मॅडम’ची बखर

पुरुषांचे किताब बहुधा पराक्रमाने, खरेदीने अथवा वशिल्याने मिळत असत, आणि एकदा मिळाले की त्यांची सनद दप्तरी दाखल होऊन ते वंशपरंपरेने चालत; स्त्रियांच्या वाट्यास आलेल्या मानाच्या संबोधनांना मात्र असे कागदाचे पाठबळ क्वचितच लाभले. ती बोलणाऱ्याच्या जिभेवर जन्मली, त्याच्या आदराने, धाकाने किंवा नुसत्या सवयीने तगली, आणि तो आदर, तो धाक किंवा ती सवय पालटली की त्यांचा मरातबही पालटला. म्हणून एखाद्या समाजात स्त्रीचे स्थान काय होते हे पाहावयाचे असेल, तर तिला हाक कोणती मारली जाई आणि ती हाक मारण्यास कोण बांधलेला होता याची चौकशी करणे, त्या समाजाचे कायदे चाळण्याइतकेच उपयोगाचे ठरते. इंग्रजी भाषेने फ्रेंचांकडून उसना घेतलेला ‘मॅडम’ हा किताब अशा चौकशीस फार सोयीचा आहे. कारण सुमारे सातशे वर्षांच्या प्रवासात तो राजवाड्यात वावरला, मठात राहिला, दुकानाच्या गल्ल्यापाशी उभा राहिला, कुंटणखान्यात शिरला, आणि अखेर कायदेमंडळाच्या अध्यक्षासनापर्यंत जाऊन पोहोचला.

या किताबाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘डोमुस’ म्हणजे घर. त्या घराचा धनी तो ‘डोमिनुस’ आणि धनीण ती ‘डोमिना’. रोमन साम्राज्य मोडले आणि त्याच्या भाषेच्या प्रांतोप्रांती निरनिराळ्या भाषा झाल्या, तेव्हा हीच ‘डोमिना’ इटलीत ‘डोन्ना’, स्पेनमध्ये ‘डोन्या’, पोर्तुगालमध्ये ‘दोना’ आणि फ्रान्समध्ये ‘डाम’ झाली. पणजीजवळच्या दोना पावला या ठिकाणाच्या नावात एका पोर्तुगीज कुलीन स्त्रीबरोबर तिचा हा किताबही गोव्याच्या किनाऱ्यावर कायमचा वसला आहे, आणि होमिओपॅथीच्या पेटीतील ‘बेलाडोना’ची कुपी उघडणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, त्या औषधाच्या नावाचा अर्थ ‘सुंदर स्त्री’ असाच आहे. फ्रेंचांनी ‘डाम’ या शब्दामागे ‘माझी’ या अर्थाचे ‘मा’ जोडून ‘मादाम’ हे संबोधन सिद्ध केले. त्यातील ‘माझी’मध्ये जवळीक नव्हती, सेवकाची नम्रता होती, संस्कृत नाटकांतील दासी राणीस ‘भट्टिनी’ म्हणते, त्याच जातीचे हे संबोधन. फ्रेंच दरबारात तर नुसते ‘मादाम’ म्हटले की राजाच्या पाठच्या भावाची पत्नी समजली जावी, इतका त्याचा दर्जा पुढे निश्चित झाला होता.

इंग्लंडात हा शब्द आला तो राज्यकर्त्यांच्या भाषेबरोबर. 1066 मध्ये नॉर्मनांनी ते राज्य जिंकल्यावर दरबार, न्यायासन आणि सरदारांचे वाडे यांत फ्रेंच भाषेचा अंमल सुरू झाला, आणि ज्याप्रमाणे आपल्याकडे फार्सीच्या अमदानीत हुद्द्यांची आणि अदबीची भाषा बाहेरून आली, त्याप्रमाणे तेथेही राबण्याचे शब्द रयतेचे आणि मानाचे शब्द धन्याचे अशी वाटणी झाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंची ओळख करून देताना या शब्दाची दोन चित्रे रेखाटली आहेत. त्यातील मठाधिकारिणी ‘मादाम एग्लेंटाइन’ या नावाने ओळखली जाते, आणि सुतार, विणकर, रंगारी अशा कारागीर संघांच्या सुखवस्तू सभासदांविषयी सांगताना कवी हळूच सुचवतो की, हे लोक नगरपालिकेचे मानकरी झालेले त्यांच्या बायकांना हवेच असणार. कारण ‘मादाम’ म्हणवून घेण्यात आणि देवळातील उत्सवाला राणीसारखा झगा सावरीत सर्वांच्या पुढे चालण्यात काही औरच गोडी असते. परका किताब देशात येऊन तीन शतके होतात न होतात तोच त्याच्यासाठी मधल्या वर्गाचा जीव कसा टांगणीस लागला होता, हे या एका चिमट्यावरून स्पष्ट होते.

पुढे दोन शतकांनी शेक्सपिअरने ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या प्रास्ताविक प्रवेशात याच हव्यासाची थट्टा केली आहे. दारूच्या नशेत झोपलेल्या क्रिस्टोफर स्लाय नामक कल्हईवाल्यास उमराव मंडळी गंमत म्हणून वाड्यात नेऊन निजवतात, आणि जागा झाल्यावर तू सरदारच आहेस असे पटवून एक बनावट पत्नीही त्याच्यापुढे उभी करतात. बिचाऱ्यास पहिला पेच पडतो तो हिला हाक काय मारावी याचाच. नावापुढे ‘मॅडम’ लावावे काय, अशी पृच्छा तो करतो, आणि नुसते ‘मॅडम’ म्हणावे, सरदार लोक आपल्या स्त्रियांस तसेच म्हणतात, असे त्यास सांगण्यात येते. प्रेक्षकांना या उत्तराचे हसू येत होते, याचा अर्थ या शब्दाचा शिरस्ता नाटकगृहातील सामान्य माणसासही पुरता माहीत झाला होता; आणि वरिष्ठांच्या बोलण्याचा शिरस्ता खालच्यांस माहीत झाला की तो खाली उतरण्यास फार काळ लागत नाही.

तो उतरला, आणि उतरताना झिजलाही. सतराव्या शतकात ‘मॅडम’चा ‘मॅम’ झाला. मोलकरणींच्या तोंडी त्याचा ‘मम’ झाला, आणि अखेर होकाराच्या शेपटीस चिकटलेला नुसता ‘म्’ एवढाच उरला. परंतु या झिजेचा एक विलक्षण परिणाम असा की, जो संक्षेप स्वयंपाकघरातील नोकराणी आपल्या मालकिणीसाठी वापरी, तोच राजदरबारातही रूढ झाला. इंग्लंडच्या राणीस भेटणाऱ्याने प्रथम एकदा ‘युअर मॅजेस्टी’ म्हणावे आणि त्यानंतर दरवेळी ‘मॅम’ म्हणावे, असा दंडक दुसऱ्या एलिझाबेथच्या 1952 ते 2022 या प्रदीर्घ कारकीर्दीत पाळला जात होता, आणि या शब्दातील स्वर आखूड उच्चारावा, ओढून ‘माम’ म्हणू नये, अशी ताकीद पाहुण्यांना आगाऊ दिली जाई. ब्रिटिश सैन्यात आणि पोलिसांतही वरिष्ठ स्त्री अधिकाऱ्यास याच शब्दाने संबोधण्याची पद्धत पडली. एकच अक्षर राणीस पोहोचते आणि पोलीस निरीक्षक बाईंसही पोहोचते. त्याची प्रतिष्ठा त्या अक्षरात नसून उच्चारणाऱ्यावर असलेल्या सक्तीत आहे, हे येथे प्रथम ध्यानात येते.

जेथे ही सक्ती ढिली झाली तेथे या शब्दाची जी अवनती झाली ती मोठी उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात कुंटणखाना चालवणाऱ्या बाईस ‘मॅडम’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि हट्टी, तोऱ्यात वागणाऱ्या पोरीला ‘छोटी मॅडम’ म्हणून टोमणा मारण्याची इंग्रज घरांतील रीत तर अद्याप चालू आहे. स्त्रीवाचक मानाच्या इतर शब्दांचेही असेच झाले. घरची स्वामिनी या अर्थाचा ‘मिस्ट्रेस’ हा शब्द अंगवस्त्राचा वाचक बनला; गृहिणी या अर्थाच्या ‘हाउसवाइफ’पासून निघालेला ‘हसी’ हा शब्द शिवी ठरला; ‘मॅडम’चीच सख्खी बहीण ‘डेम’ ही एकीकडे अमेरिकेतील गल्लीबोळांत कोणत्याही बाईस लावण्याचा उनाड शब्द झाली आणि दुसरीकडे उच्चार किंचित बदलून पशूंच्या मादीपर्यंत घसरली. ‘सर’ आणि ‘मास्टर’ हे त्यांचे पुरुष जोडीदारही स्वस्त झाले, पण बदनाम झाले नाहीत. म्युरिएल शुल्त्स या भाषाभ्यासिकेने 1975 साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात अशा शब्दांची लांबलचक यादी देऊन दाखवले आहे की, स्त्रीविषयक शब्द चांगल्या अर्थाने जन्मास येऊनही कालांतराने उपहासाच्या आणि बहुधा लैंगिक निंदेच्या अर्थाकडे झुकतात, आणि त्याचे कारण शब्दांपेक्षा ते वापरणाऱ्यांच्या मनात शोधावे लागते. मजा अशी की, 1917 साली ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ स्थापन झाली तेव्हा स्त्रियांना ‘सर’च्या तोडीचा किताब द्यावयाचा म्हणून त्याच घसरलेल्या ‘डेम’ला राजाज्ञेने पुन्हा वर उचलण्यात आले, आणि 1971 साली ॲगाथा ख्रिस्ती यांना तो सन्मानाने अर्पण झाला.

इंग्रजीने या शब्दाचे एक फ्रेंच रूपही शेवटच्या अक्षरासकट राखून ठेवले, आणि ते परदेशी विवाहित स्त्रियांसाठी, तसेच परदेशी वाटू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी, वेगळे काढले. मेणाचे पुतळे घेऊन 1802 साली इंग्लंडात आलेल्या आणि 1835 मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर स्थिरावलेल्या मारी तुसाँ या ‘मादाम तुसाँ’ म्हणूनच जगास माहीत आहेत. 1879 साली मुंबईत उतरून थिऑसॉफीचा प्रचार करणाऱ्या रशियन विदुषी मादाम ब्लाव्हाट्स्की यांचीही तीच गोष्ट. मुंबईच्याच एका पारशी घराण्यात 1861 साली जन्मलेल्या भिकाजी कामा यांना हा किताब लाभला तो त्यांच्या पॅरिसमधील दीर्घ वास्तव्यामुळे. 22 ऑगस्ट 1907 रोजी स्टुटगार्ट येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्यांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकवला तेव्हापासून ‘मादाम’ हा त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसला. आज महाराष्ट्राचा कारभार ज्या मंत्रालयातून चालतो ते ज्या रस्त्यावर उभे आहे त्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. आणि फ्रान्समध्ये कोणत्याही विवाहित बाईस लावला जाणारा हा शब्द त्या रस्त्याच्या नावात एका देशभक्त स्त्रीची पदवी म्हणून उभा आहे.

या किताबाचे मोल खऱ्या अर्थाने समजते ते मात्र ज्यांना तो नाकारला गेला त्यांच्या हकिकतींवरून. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांनी कोणत्याही गोऱ्या स्त्रीस, ती वयाने कितीही लहान असो, ‘मॅम’ म्हटलेच पाहिजे असा अलिखित कायदा होता, आणि उलट गोऱ्यांनी कृष्णवर्णीय स्त्रीस, ती कितीही वृद्ध असो, तिच्या पहिल्या नावाने किंवा फार तर ‘मावशी’ म्हणून हाक मारावी, असा त्याचा दुसरा भाग होता. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी 1867 साली लुइझियानात जन्मलेली सारा ब्रीडलव्ह ही धुणे धुऊन पोट भरणारी स्त्री केसांच्या तेल-मलमांचा धंदा उभारून लक्षाधीश झाली, आणि त्या धंद्यात तिने आपले नाव घेतले ते ‘मॅडम सी. जे. वॉकर’. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारात फ्रेंच शब्दास भाव होता हे खरेच. पण डब्यावरच ‘मॅडम’ छापल्यावर गिऱ्हाइकास आणि दलालास तिला ‘सारा’ म्हणून पुकारण्याची सोय उरली नाही, हा लाभ त्याहून मोठा होता.

संबोधनाचा हा तंटा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1963 साली अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे नागरी हक्कांच्या चळवळीतील मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय तरुणीची साक्ष चालू असता सरकारी वकिलाने तिला ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला; गोऱ्या साक्षीदारांप्रमाणे आपणासही ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्यावाचून आपण उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले, आणि न्यायासनाच्या बेअदबीबद्दल तिला पाच दिवसांची कैद व पन्नास डॉलरांचा दंड ठोठावण्यात आला. 1964 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एकाक्षरी उपपदासाठी कारावास पत्करणाऱ्या या तरुणीस शिष्टाचाराचे वेड होते असे कोणी म्हणणार नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या सर्वांचा दर्जा समान आहे की नाही, हा प्रश्न तिने त्या उपपदाच्या रूपाने न्यायासनापुढे मांडला होता.

किताब हा हुंडीसारखा असतो. कागदावर रक्कम कितीही मोठी असो, मागे पेढी उभी नसेल तर ती वटत नाही. ‘मॅडम’च्या मागे विसाव्या शतकात अशी पेढी उभी राहिली ती सार्वजनिक अधिकारपदांची. फ्रान्सिस पर्किन्स या 1933 साली अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री सदस्य झाल्या, तेव्हा मंत्र्यास लावण्याच्या ‘मिस्टर सेक्रेटरी’ या रूढ संबोधनाचे ‘मॅडम सेक्रेटरी’ झाले. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समध्ये बेटी बूथरॉइड प्रथम उपसभापती आणि 1992 मध्ये पहिल्या स्त्री सभापती झाल्या. तरुणपणी रंगभूमीवर नर्तिकांच्या पथकात काम केलेल्या या बाईंनी सभापतीचा केसांचा टोप घालण्याचे नाकारले, आणि आपणास काय म्हणावे असे एका सभासदाने विचारता ‘मॅडम म्हणा’ असा सरळ निकाल दिला. 1950 साली गाजलेल्या एका संगीतिकेचे नावही तेच असल्याने या उत्तरात विनोदही साधला होता. 2007 च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी काँग्रेसपुढील आपल्या वार्षिक भाषणाचा आरंभ इतिहासात प्रथमच ‘मॅडम स्पीकर’ या शब्दांनी केला. परंतु पद आणि नुसती अदब यांतील भेद किती सूक्ष्म असतो हे 2009 साली दिसून आले. समितीपुढे जबानी देणारा एक लष्करी अधिकारी सिनेटर बार्बरा बॉक्सर यांना ‘मॅम’ म्हणत होता, तेव्हा हे पद मिळवण्यासाठी आपण फार कष्ट केले आहेत, तरी आपणास ‘सिनेटर’ म्हणावे, अशी सूचना त्यांनी केली. लष्कराच्या रिवाजाप्रमाणे त्याने आदरच दाखवला होता. पण तो आदर स्त्रीस पोहोचत होता, सिनेटरास पोहोचत नव्हता, असे त्यांचे म्हणणे.

इंग्रजी ‘मॅडम’चा आणखी एक गुण आहे, आणि तो सहसा नजरेस येत नाही. ‘मिसेस’ आणि ‘मिस’ ही दोन्ही उपपदे एकाच ‘मिस्ट्रेस’ची संक्षिप्त रूपे, त्यांपैकी ‘मिसेस’ हे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रतिष्ठेचे दर्शक होते आणि प्रौढ अविवाहित स्त्रीसही लागत असे, पण पुढे त्यांची वाटणी लग्नावरून झाली. ही वाटणी मोडण्यासाठी ‘मिझ’ हे तिसरे उपपद काढावे लागले, 1901 साली एका अमेरिकन वृत्तपत्राने ते सुचवले असूनही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते स्वीकारण्यास 1986 साल उजाडले. फ्रान्सच्या पंतप्रधानांनी सरकारी कागदपत्रांतून ‘मादमोआझेल’ हा अविवाहितेचा रकाना 2012 मध्ये काढून टाकला. नुसत्या ‘मॅडम’ला इंग्रजीत मात्र अशी चौकशी करावीच लागली नाही. तो शब्द स्त्रीचे नाव विचारीत नाही, लग्न विचारीत नाही, वैधव्यही विचारीत नाही. अनोळखी व्यक्तीस लिहावयाच्या अर्जाच्या मायन्यात तो इतका उपयोगी पडला तो यामुळेच.

आपल्याकडे हा शब्द साहेबाच्या बंगल्यातून आला. यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात बंगाल इलाख्यात गोऱ्या विवाहितेस ‘मेमसाहेब’ म्हणतात, मुंबईत ‘मॅडमसाहेब’ म्हणतात आणि मद्रासेत ‘दोरसानी’ म्हणतात, अशी नोंद आहे. मुंबई इलाख्यातील या रूपाचाच ‘मडम’ हा मराठी अवतार. गोरी बाई ती मडम, हा अर्थ आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता, आणि त्यात आदरापेक्षा कुतूहल आणि किंचित कुचेष्टाच अधिक होती. तोच शब्द स्वातंत्र्यानंतर ‘मॅडम’ हे शुद्ध रूप धारण करून शाळा, दवाखाना, बँक आणि कचेरी यांत शिरला, आणि मराठीचे ‘बाई’ हे जुने मानाचे संबोधन त्याने पाहता पाहता मागे सारले.

‘बाई’चा इतिहास ‘मॅडम’च्या इतिहासाशी विलक्षण जुळतो. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई या नावांतील ‘बाई’ राजपदाची आणि पूज्यतेची. पण बैठकीत गाणाऱ्या स्त्रीच्या नावापुढेही तीच, आणि आज धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीस तर तेवढेच नाव उरले आहे. तथापि मॅडमने बाईस जिंकले ते केवळ इंग्रजीच्या तोऱ्यावर असे म्हणणे अपुरे होईल. मराठी पत्राच्या जुन्या मायन्यात सुवासिनीस ‘वज्रचुडेमंडित’ आणि विधवेस ‘गंगाजळनिर्मळ’ लिहिले जाई, आणि त्यांची जागा घेणारी ‘सौ.’, ‘गं. भा.’ व ‘कु.’ ही उपपदेही स्त्रीच्या नवऱ्याची खबरबात दिल्यावाचून तिचे नाव उच्चारू देत नसत. बोलण्यात ‘ताई’, ‘वहिनी’, ‘काकू’, ‘मावशी’ ही नाती होती, आणि ती गोड असली तरी त्यांत वय आणि जवळीक ठरवावी लागे. तहसीलदाराच्या खुर्चीत बसलेल्या अपरिचित स्त्रीपुढे अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसास यांतील कोणतेही संबोधन सोयीचे नव्हते. तिचे कुंकू, तिचे वय किंवा तिचे कुळ न पाहता केवळ तिचा हुद्दा मान्य करणारा शब्द त्यास हवा होता, आणि तो त्यास परक्या भाषेत तयार मिळाला.

नात्याचा शब्द अधिकाराच्या आड येतोच असेही नाही. चिपळूणात जन्मलेल्या आणि इंदूरहून निवडून आलेल्या सुमित्रा महाजन 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. सभागृहात त्यांना ‘मॅडम स्पीकर’ म्हटले जाई, आणि बाहेर त्या सर्वांच्या ‘ताई’ होत्या. दोन्ही संबोधने एकाच व्यक्तीस शोभली, कारण एकामागे आसन होते आणि दुसऱ्यामागे आयुष्यभराचा लोकसंग्रह होता. ज्या स्त्रीच्या मागे यांपैकी काहीच नसते, तिच्या बाबतीत मात्र आपली भाषा कृपण होते. चॉसरच्या कारागिरांच्या बायकांपासून मेरी हॅमिल्टनपर्यंत सर्वांच्या हकिकती हेच सांगतात की, मानाचा शब्द वरच्यास मिळतो यात नवल नाही, तो खालच्यास देण्याचे बंधन समाज स्वतःवर कधी घालून घेतो हे पाहण्याजोगे असते. तेव्हा आपल्या कचेऱ्यांतून स्त्री अधिकाऱ्यास ‘मॅडम’ म्हणतात एवढ्यावर या बखरीतील मराठी पान पुरे झाले असे समजू नये. त्याच कचेरीत सकाळी फरशी पुसणाऱ्या स्त्रीस त्या मॅडम आणि त्यांचे साहेब कोणत्या शब्दाने हाक मारतात, याची नोंद त्या पानावर अजून व्हावयाची आहे.